एक मूठ देवभात

आमच्या वहिनीचा फोन कधी 'हॅलो'नं सुरू होत नाही. आपण फोन कानाला लावला की पलीकडून थेट बातमीच. मागच्या आठवड्यात एका सकाळी मी बेळगावच्या खासबागेतल्या घरी चहा गाळत होते आणि ती म्हणाली, "वन्सं, भात वाकलंय."

आता भात वाकलंय हे काय फोन करून सांगायचं असतं? असतं. लोंब्या भरल्या, दाणा जड झाला, ताटं शेंड्याकडून झुकली, आठ-दहा दिवसांत इळे बाहेर काढायचे, असा त्याचा सगळा अर्थ. म्हणजे सुगी आली. तेहतीस वर्षं मी बेळगावात पोरांना इतिहास शिकवला, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, दारात भाताचं एक ताट नाही. पण सुगी म्हटलं की अजून माझ्या नाकात ताज्या पिंजराचा, भाताच्या पेंढ्याचा वास भरतो आणि मानेवर भाताचं कूस, कुसळ शिरल्यासारखं खाजायला लागतं. चहा तसाच ठेवून मी मान खाजवत उभी राहिले.

"आणि ऐका," वहिनी म्हणाली, "औंदा बियाणाच्या लोंब्या तुमी काढायच्या. माझा गुडघा दसऱ्यापास्नं शेतात उतरू देत न्हाय."

गाळणं हातातून पडायचंच बाकी होतं. आमच्या घरात बियाण्याला हात लावू नये असं एकच माणूस आहे, आणि ते मी. हे वहिनीइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

"अहो, मी कुठली काढतेय? अण्णाला सांगा की."

"त्येंचं डोळं गेल्यात. लोंबी आणि गवात येकच दिसतंय त्येस्नी. तुमीच या," म्हणाली आणि फोन ठेवून दिला. ठेवतानाही ती 'बरं' म्हणत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. माहेर निपाणीकडचं, तंबाखूच्या मुलखातलं. तंबाखूचं बी इतकं बारीक की राखेत मिसळल्याशिवाय टाकता येत नाही. असलं बी लहानपणापासून हाताळलेली बाई आमच्या भाताच्या गावात सून म्हणून आली आणि माझ्या आईनं पहिल्याच वर्षी बियाण्याचं गाडगं तिच्या हवाली केलं. आई म्हणायची, हिच्या बोटांना डोळे आहेत. वहिनी मराठीत बोलता बोलता मोजायला लागली की कानडीत जाते, ओंदु, एरडु, मूरु. आणि आमच्या भागातल्या साऱ्या बायकांसारखी ती 'मी येतो, मी जातो' असंच म्हणते. मीही म्हणायचे. शाळेत लागल्यावर पोरांसमोर बरं दिसावं म्हणून 'येते, जाते'वर आले. वहिनीला कुणासमोर बरं दिसायचं नव्हतं.

आमच्या घरचं भात वासाचं. त्याचं नाव काय, कुणी विचारलं तर आम्ही 'वासाचं भात' एवढंच सांगतो. सरकारी नाव असेल काही तर ते सरकारला ठाऊक. चुलीवर आधण आलं की शेजारच्या दोन घरांना कळायचं, आज यांच्याकडं पाव्हणे आहेत. हे बियाणं कधी विकत आणलेलं नाही. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या आज्यापासून एका सुगीतून दुसऱ्या सुगीत, गाडग्यातून शेतात आणि शेतातून गाडग्यात, असंच ते आलेलं.

आणि दुसरं एक भात होतं. ते कुणाचंच नव्हतं.

खानापूर सोडून लोंढ्याच्या वाटेला लागलं की आत आमचं गाव. गावाबाहेर तेव्हा तळं होतं. तळ्याच्या उथळ काठानं आपोआप उगवायचं ते देवभात. न पेरता, न लावता. दिसायला भातासारखंच, फक्त अंगानं उंच, आणि दाण्याला लांबच लांब तांबडी कुसं. ऋषीपंचमीला बायकांनी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून त्या दिवशी घरात हे शिजायचं. जाड, तांबूस, चावायला चिवट. सोबत परसातली, बांधावरची पाच-सात तऱ्हांची पाला-भाजी, त्यात मीठ आणि जीव असेल तेवढी मिरची. लहानपणी मी तोंड वाकडं करून खायची. पुढं इतिहास शिकवायला लागल्यावर एकदम लक्षात आलं, की आपल्या बायका वर्षातून एक दिवस नांगराच्या आधीच्या काळात जातात, तिथं जेवतात आणि संध्याकाळपर्यंत परत येतात. कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही, पण आमच्या स्वयंपाकघरात ते दरवर्षी घडत होतं.

देवभात गोळा करणं ही एक कलाच. ते पिकलं की लगेच झडतं. सकाळी पिवळं दिसलं आणि दुपारी सवडीनं गेलात, तर ताटं रिकामी आणि दाणे चिखलात. म्हणून ते हिरवं असतानाच वहिनी लुगडं वर खोचून गुडघाभर पाण्यात उतरायची. पाच-सहा लोंब्या एकत्र धरायच्या आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीनं त्यांची जुडी बांधायची. मग आठवड्यानं बुट्टी, म्हणजे टोपली, घेऊन जायचं, जुडीखाली धरायची आणि जुडी झाडायची. मी काठावर उभी राहून जळवांच्या भीतीनं नुसत्या सूचना करायची.

"देवाचं भात ह्ये, वन्सं," ती पाण्यातून म्हणायची. "पिकलं की झडलंच. कुणाची वाट बघत न्हाय. आपलं घरचं कसं, आपुन इळा घिऊन येईपातूर गुमान हुबं ऱ्हातंय."

हे वाक्य तिनं सहज टाकलं होतं. मला ते कळायला एक मूठ देवभात आणि बऱ्याच जणांचा मनस्ताप खर्ची पडला.

मी नोकरीला लागले ते पहिलंच वर्ष. बेळगावातली मराठी शाळा, सहावीचा वर्ग, इतिहासाचं पुस्तक. त्यात आगीचा शोध, शेतीचा शोध, चाकाचा शोध, असे एकाखाली एक परिच्छेद. माणसानं शेतीचा शोध लावला, हे मी अशा थाटात सांगितलं, जशी मी त्या वेळी हजर होते. दुसऱ्या बाकावरची एक पोरगी उठली. "बाई, पयल्यांदा शेती केली तवा बी कुठल्या दुकानातनं आणलं?"

वर्ग हसला, मीही हसले. म्हटलं, "अगं, रानात आपोआप उगवायचं ते गोळा केलं आणि पेरलं."

"मग रानातलं आपलं कसं झालं, बाई?"

मी घड्याळाकडं पाहिलं. नशिबानं घंटा झाली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. शिकलेल्या माणसाचा हा एक रोगच असतो. घरी साध्या माणसाला विचारलं तर पाच मिनिटांत उत्तर मिळेल. पण नाही, आपण प्रयोग करणार.

सुट्टीत गावी गेले तेव्हा तरवा टाकायचं चाललं होतं. तरवा म्हणजे भाताची रोपं तयार करायचा छोटा वाफा. तिथं दाट उगवलेली रोपं मग उपटून मोठ्या शेतात लावायची. स्वयंपाकघरात फळीवर लहान मडक्यात पंचमीसाठी राखलेलं देवभात होतं, न कांडलेलं, कुसांसकट. मी त्यातलं एक मूठ घेतलं आणि तरव्याच्या एका कडेला टाकून आले. खूण म्हणून एक काठी रोवली. रानातलं भात माणसाच्या शेतात वाढलं तर माणसाळतं का, ते बघायचं होतं. पुढच्या वर्षी त्या पोरीला उत्तर देणार होते मी. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सगळे हसले असते.

मग शाळा सुरू झाली आणि मी बेळगावला परतले. माझी काठी कुणीतरी चुलीत घातली. लावणीच्या बायका आल्या आणि त्यांनी सगळी रोपं एकजात उपटून सगळ्या शेतभर लावली. रोप असताना दोन्ही भातं एकसारखी दिसतात. भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत, त्या बिचाऱ्यांना काय येणार!

दसऱ्याच्या सुट्टीत मी गावी पोचले तर आप्पा बांधावर हात मागं बांधून उभे. शेत निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या. आणि साऱ्या शेतात, इथं एक, तिथं दोन, पलीकडं चार, वीतभर उंच माना काढून तांबडी कुसं वाऱ्यावर डुलत होती. काही ताटं पिकून झडलीही होती. मातीत पडलेला दाणा पुढच्या वर्षी पुन्हा उगवणार होता.

आप्पा ओरडणारे नव्हते. त्यांचा राग शांत असायचा आणि म्हणून जास्त लागायचा. ते वहिनीकडं वळले, कारण बियाणं तिच्या ताब्यात. "सूनबाई, ह्ये काय झालं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत वहिनी म्हणाली, "माझ्याच हातनं सांडलं असंल, आप्पा. मडकं काढताना तरव्याच्या बियाणात पडलं असंल."

आप्पा पुन्हा शेताकडं वळले. मग म्हणाले, "गेलं ह्ये बियाणं. फुडच्या साली दुकानातनं आणूया." एवढं बोलून ते घराकडं गेले, आणि त्यांची पाठ मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हाताऱ्या माणसाची वाटली.

मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. नवी नोकरी, गावात 'मास्तरीण बाई' म्हणून मिळालेला मान, आप्पांचा माझ्यावरचा विश्वास, अशी कारणं नंतर मी स्वतःला खूप दिली. खरं कारण एकच, मला धीर झाला नाही. पुढं आप्पा बरीच वर्षं जगले. एकदा नाही, पन्नास वेळा सांगता आलं असतं. सांगितलं नाही. याची लाज मला अजून वाटते आणि ती वाटलीच पाहिजे.

त्या संध्याकाळी वहिनी भाकरी थापत होती. मी चुलीपाशी जाऊन बसले. तिनं मान वर न करता विचारलं, "किती पेरलासा?"

मला रडूच फुटलं. "एक मूठ."

"येकच न्हवं?"

"एकच."

"मग निघंल." तिनं भाकरी उलटली. "डोळं पुसा. आणि पंचमीचं मडकं येवढं हलकं कसं झालं, ह्येचा इचार मी भादव्यापास्नं करत हुतो. उंदरास्नी शिव्या दिल्या फुकटच्या."

वहिनीनं आप्पांकडं एक सुगी मागून घेतली. एवढ्या सुगीत बियाणं निवडून दाखवतो, नाहीच जमलं तर दुकानातनं आणा, असं म्हणाली. आप्पांनी नुसती मान हलवली. घरात कुणालाच ते होईल असं वाटत नव्हतं. मला तर मुळीच नाही.

आणि मग ती सुगी. दिवाळीच्या सुट्टीला जोडून मी चार दिवस रजा टाकली आणि रोज सकाळी तिच्यामागं शेतात उतरले. कापणीवाल्या बायकांच्या पुढं आम्ही दोघी. कोवळं ऊन, पोटरीला लागणारं दव, बांधावर काकडीचा वास, कुठंतरी जाळ करून पोरं भुईमुगाच्या नाहीतर कसल्याशा शेंगा भाजताहेत. वहिनी एकेक लोंबी तळहातावर घ्यायची आणि खालून वर अंगठा फिरवायची. दाणा गळला की सोडून द्यायची. नाही गळला तर एक दाणा काढून दातानं फोडायची आणि आत बघायची. तांबूस दिसला की लोंबी फेकली. पांढरा, तेलकट, वासाचा असला की ओच्यात. ओंदु, एरडु, मूरु. मग हातभर पुढं.

पहिल्या दिवशी मी काढलेल्या लोंब्यांतल्या निम्म्या तिनं फेकल्या. मी पोरांचे पेपर तपासते तशा, एका नजरेत. "ह्ये कशाला घेटलासा? भरलेली दिसती म्हणून? भरलेली लई असतात वो. धरून ठेवती का बघा."

धरून ठेवते का! मी त्या उन्हात, ओचा सावरत, एकदम थांबले. माझ्या वर्गातल्या पोरीचं उत्तर हेच होतं. रानातलं आपलं कसं झालं, ते माझ्यापुढं हातभर अंतरावर चाललं होतं. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी कुठल्यातरी पाणथळीच्या काठी अशीच एक बाई असणार. झडणारं झडून गेलं; ताटावर जे थांबलं तेच तिच्या बुट्टीत आलं. त्यातलं थोडं तिनं पुढच्या पावसाला टाकलं. तिच्या लेकीनं तेच केलं, नातीनं तेच केलं, आणि असं कितीतरी पिढ्या करता करता कधीतरी एक भात असं झालं की ते माणूस येईपर्यंत थांबायला लागलं. त्याला आता आपलं आपण झडून उगवता येईना. त्या बाईचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. असणार कसं, नाव लिहायला तेव्हा लिपी कुठं होती? लिपी नंतर आली, आणि आली तीही कोठारात कुणी किती धान्य घातलं ते लिहून ठेवायला.

पुढं हा धडा मी दरवर्षी याच क्रमानं शिकवला. दाणा थांबला म्हणून साठवता आला. साठवला म्हणून कोठार आलं, कोठार आलं म्हणून राखणदार आला. राखणदाराला कुडाची भिंत पुरेना म्हणून तट आला, तटाच्या आत राजा येऊन बसला आणि त्यानं पहिल्यांदा काय केलं तर आपला वाटा मागितला. तळ्यातल्या देवभातावर कधी कुणी सारा बसवला नाही, बसवता आलाच नसता. झडणाऱ्या धान्यावर राज्य उभं राहत नाही. सिंधूकाठची नगरं काय, नाईलकाठचे राजे काय, आणि आमच्या बेळगावचा किल्ला काय, सगळ्यांचं मूळ एका दाण्याच्या देठात आहे, असं मी सांगायची तेव्हा पोरं डोळे मोठे करायची. मग मी त्यांना भाताची एक लोंबी हातात द्यायची आणि म्हणायची, फिरवा अंगठा.

पण थांबणं काही एकट्या भाताच्या वाट्याला आलं नाही, माणूसही अडकला. आप्पा उभ्या जन्मात चार दिवसांवर गाव सोडून कुठं राहिले नाहीत. माझ्या बिऱ्हाडी एकदा आले, दुसऱ्या दिवशीच पिशवी भरून तयार. म्हटलं राहा की, तर म्हणाले, "भात हाय की गं." जसं काही भात दारात बसून त्यांच्या नावानं रडतंय. रानातून रानात हिंडणाऱ्या माणसाला घर मिळालं, गाव मिळालं, आणि त्याबरोबर हे 'भात हाय की'सुद्धा मिळालं. चांगलं झालं का वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. परीक्षेत कुणी हा प्रश्न विचारत नाही, हे बरं आहे.

त्या सुगीत शेवटी दोन सुपं भरतील एवढ्या लोंब्या निघाल्या. वहिनीनं त्या खळ्यावर नेल्या नाहीत, हातानं चोळल्या. दाणे राख लावून गाडग्यात भरले, तोंडाला फडकं बांधलं आणि ते गाडगं आप्पांच्या पुढं नेऊन ठेवलं. आप्पांनी फडकं सोडून एक दाणा दाताखाली फोडला. बराच वेळ चघळला. मग दुकानाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मातीत पडलेलं देवभात मात्र पुढची तीन-चार वर्षं उगवत राहिलं, आणि भांगलणीपासून निसवेपर्यंत वहिनी ते वाकून वाकून उपटत राहिली. आज तिचा गुडघा दुखतो, तेव्हा त्यातला थोडा माझ्या नावावर आहे असं मला वाटतं.

आता ते तळं नाही. रस्ता रुंद झाला, मग तळ्यात भर पडली, मग तिथं प्लॉट पडले. पंधरा-सोळा वर्षं सहज झाली. प्रत्येक वेळी बस तिथून वळते तेव्हा मी खिडकीतून बघते, एका घराच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी आहे, तेवढंच पाणी. इकडं बेळगावजवळ सांबऱ्याच्या बाजूला गेलं तरी तेच, काळ्या रानातून घरं उगवलेली. शेतीनं शहरं जन्माला घातली असं मी शिकवलं, आता शहरं आईच्याच अंगावर पाय देऊन उभी आहेत. मी तरी कुणाला बोलणार? माझंही घर कधीकाळच्या कुणाच्या शेतातच असणार.

तळं गेलं तरी ऋषीपंचमी गेली नाही. दर भाद्रपदात गावाकडून कुणी ना कुणी येतं आणि वहिनीची पुरचुंडी देऊन जातं. आत कांडलेलं देवभात, बरोब्बर एक मूठ. मी ते शिजवते, वर तूप घालून खाते, फोन करून 'पोचलं' म्हणून सांगते. ती 'बरं' न म्हणता फोन ठेवते. कुठून आणते, ते मी कधी विचारलं नाही. आणत असेल कुठल्यातरी लांबच्या तळ्यावरून, नाहीतर बाजारातून. शहरात राहिलं की वस्तू येते कुठून हे विचारायची सवयच मोडते.

तर परवा मी गेले. पहिल्या बसनं. वहिनी बांधावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून, डोक्यावर पदर आणि पदरावर छत्री, अशी जय्यत बसली होती. मला बघितल्या बघितल्या, "चपला काढा. कडंच्या घिऊ नका, मधल्या घ्या. आणि घाई करू नका, शाळा सुटल्यागत," असा हुकूम झाला.

मी शेतात उतरले. पायाखाली ओल, पोटरीला तेच दव. पहिली लोंबी हातात घेतली. पस्तीसेक वर्षांपूर्वी याच हातानं एक मूठ देवभात टाकलं होतं. आज माझं चुकलं तर? वहिनीला परत शेतात उतरून निस्तरता येणार नाही. अण्णाला दिसत नाही. भाचरं पुण्याला आणि बेंगळूरला, त्यांना भात पिशवीतून येतं. हे गाडगं इथंच थांबायचं. मी अंगठा फिरवला, खालून वर. दाणा गळला नाही. एक दाणा काढून दातानं फोडला. पांढरा. वास आला आणि आई, आप्पा, चूल, शेजारची दोन घरं, सगळी एकदम आली. मी डोळे पुसले आणि पुढची लोंबी धरली. ओंदु, एरडु, मूरु. मला कानडीत मोजायची काही गरज नव्हती, पण ते आपोआप आलं.

दुपार झाली तेव्हा ओचा भरला होता आणि मी शेताच्या खालच्या कोपऱ्याला पोचले होते. तिथं झऱ्याचं पाणी झिरपतं, सुगीतही चिखल असतो. आणि त्या चिखलात, हातभर जागेत, उंच माना, लांब तांबडी कुसं. पाच-सहा लोंब्या एकत्र धरून चिंधीनं जुडी बांधलेली. शेजारी दुसरी. आणखी एक. चिंधी ओळखीची होती. अण्णाच्या साठीला मी वहिनीला घेतलेल्या मोरपंखी साडीची. मनात म्हटलं, चांगली किंमत ठेवलीत माझ्या साडीची!

मी बांधावर आले आणि ओचा तिच्यापुढं सोडला. तिनं एकेक लोंबी बघितली, अंगठा फिरवला, दाणे फोडले. मी खाली बसून निकालाची वाट बघत होते. तिनं तीन बाजूला काढल्या.

"ह्या कोंबड्यास्नी घाला. बाकीच्या गाडग्यात."

फक्त तीन! माझा जीव भांड्यात पडला. मग धीर करून मी म्हटलं, "वहिनी, त्या खालच्या कोपऱ्यात..."

"जुड्या सोडल्या न्हाईसा न्हवं?"

"नाही."

"बरं केलासा. घरच्या भाताला त्येचा दाणा लागू नये म्हणून येळंवर बांधाय लागतंय. दसऱ्याच्या आदी गुडघा बरा हुता, तवाच बांधून घेटलं."

"ते देवभात आहे."

"मग काय ऊस हाय? तळं मुजलं तवापास्नं हितलंच धाडतो की तुमास्नी पंचमीला. दुसरीकडं कुठं ऱ्हायलंय आता?"

म्हणजे इतकी वर्षं दर भाद्रपदात मी माझीच चूक शिजवून, वर तूप घालून, खात आले होते. आणि इतिहासाची मास्तरीण मी, बी कुठून आलं हे एकदाही विचारलं नव्हतं. "पण तुम्ही तर सगळं उपटून काढलं होतं," मी म्हटलं. "किती वर्षं उपटत होता. हेच का ठेवलंत?"

वहिनीनं लोंब्या गोळा केल्या, गुडघ्यावर हात ठेवून हळूच पाय लांब केला, आणि हसली.

"आख्ख्या जल्मात तुमी पेरलेलं तेवढं येकच हाय, वन्सं. ते बी उपटून टाकू व्हय?"

मी उठले आणि पुन्हा खालच्या कोपऱ्यात गेले. एका जुडीची गाठ सैल झाली होती. ती सोडली, सगळ्या लोंब्या नीट एकत्र धरल्या, आणि घट्ट बांधली.